उघड्या हातांचा खेळ

खेळ हा पोराबाळांचा विषय; घरांतील कर्त्या माणसांनीं वाचावयाच्या पानांत त्याला जागा कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटल्यावांचून राहणार नाहीं. मलाही पूर्वीं तसेंच वाटत असे. परंतु माणूस कोणत्या वृत्तीचा आहे हें त्याच्या बोलण्यावरून जितकें कळत नाहीं, तितकें डाव अंगावर आला असतां तो काय करतो यावरून कळतें. आणि जी गोष्ट एका माणसाची तीच समाजाची. म्हणून या महिन्यांत अमेरिकेंतील एका जुन्या खेळाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत कांहीं आठवडे मुलाकडे ओहायो संस्थानांत राहण्याचा योग आला. तेथील कोलंबस शहरांत एकोणिसाव्या शतकांतील खेड्याची एक प्रतिकृति उभारलेली आहे. एका सुटीच्या दिवशीं माझा दहा वर्षांचा नातू मला ओढीतच तेथें घेऊन गेला. हिरवळीवर बेसबॉलचा सामना चालला होता. पण हा बेसबॉल नातवाच्या ओळखीचा नव्हता. गड्यांच्या अंगांत छातीवर ढालीसारखी पट्टी लावलेले लांब बाह्यांचे सदरे, पायांत लांब विजारी, आणि पंच म्हणून उभा असलेला गृहस्थ तर उंच काळी टोपी घालून व हातांत काठी घेऊन एखाद्या लग्नाला आल्यासारखा दिसत होता. नातवाला मात्र या कपड्यांपेक्षां दुसऱ्याच गोष्टीचा अचंबा वाटला. "आजोबा, यांच्या हातांत ग्लव्हच नाहीं!" तो म्हणाला. खरोखरच कोणाच्याही हातांत चामड्याचा मोजा नव्हता. चेंडू उघड्या तळहातांवर येत होता, आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत ऐकूं येत होता.

या खेळास तिकडे 'व्हिंटेज बेस बॉल' म्हणतात. 'बेस' आणि 'बॉल' हे दोन शब्द मुद्दाम तोडून लिहितात, कारण एकोणिसाव्या शतकांत ते तसेच लिहीत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील ओल्ड बेथपेज येथें जतन केलेल्या जुन्या खेड्यांत १९८० सालीं हा उपक्रम सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षीं ओहायोमध्यें 'ओहायो व्हिलेज मफिन्स' ही मंडळी उभी राहिली. १९९६ सालीं अशा मंडळ्यांची एक संघटनाही स्थापन झाली. 'मफिन' म्हणजे त्या काळच्या भाषेंत हातांतला चेंडू सोडणारा कच्चा गडी. स्वतःच्या मंडळीस असें नांव ठेवण्याइतका विनोद ज्यांच्यापाशीं आहे, त्यांना जिंकण्याचा फार ताप चढत नसावा. तरीपण हे लोक मनास येईल तें सोंग काढीत नाहींत. एखादें साल ठरवून, त्या सालच्या छापील नियमांप्रमाणें ते खेळतात. आणि पुष्कळ ठिकाणीं तें साल १८६० असतें.

आतां खेळ कसा तो सांगतों. मैदानावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक मोठी चौकट कल्पावी. तिचे चार कोपरे म्हणजे चार तळ. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत ९० फूट. पहिल्या तीन तळांवर वाळू किंवा भुसा भरलेल्या, पांढरा रंग दिलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या ठेवतात. चौथा तळ म्हणजे 'घर'; तेथें पांढऱ्या रंगाची लोखंडी वाटोळी तबकडी असते. प्रत्येक बाजूस नऊ गडी. घराशीं उभा राहून टोला मारणाऱ्यास 'स्ट्रायकर' म्हणतात. त्याच्या हातांत क्रिकेटसारखी चपटी फळी नसून आपल्या विटीदांडूंतील दांडूचा थोरला भाऊ शोभेल असा दांडा असतो. तो लांकडाचा व गोल असावा आणि त्याची जाडी अडीच इंचांहून अधिक नसावी, एवढाच निर्बंध; लांबी ज्याची त्यानें ठरवावी. चेंडूच्या पोटांत रबर, त्यावर सुताचे वेढे आणि वरून चामडें. त्याचें वजन पावणेसहा ते सहा औंस, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून किंचित् जास्तच. असा चेंडू उघड्या हातानें झेलावयाचा.

चेंडू टाकणारा स्ट्रायकरपासून ४५ फुटांवर उभा राहतो. खांद्यावरून हात फिरवून फेकण्यास मनाई. देवळांतील घंटेचा लोलक झुलतो तसा हात खालून झुलवून चेंडू सोडावयाचा. तोही कसा? तर घराच्या मधोमध जाईल आणि टोला मारणाऱ्यास मारतां येईल, असा. या नियमांत जुन्या खेळाचें सारें मर्म आहे. चेंडू टाकणारा हा फसवणारा नव्हे, वाढणारा आहे. त्यानें चेंडू सरळ वाढावा, स्ट्रायकरनें तो टोलवावा, आणि खरी चुरस त्यानंतर मैदानांत व्हावी, अशी ही योजना होती.

टोला बसला कीं स्ट्रायकर पहिल्या तळाकडे धांवतो. चारही तळ क्रमानें शिवून तो घरीं परतला म्हणजे त्याच्या बाजूस एक 'एस', म्हणजे एक्का, मिळतो. हल्लीं ज्यास 'रन' म्हणतात तीच ही गोष्ट. बाद होण्याचे प्रकार मुख्यतः चार. उडालेला चेंडू कोणीं वरच्यावर झेलला किंवा एक टप्पा पडल्यावर झेलला, तर बाद. पहिल्या तळावरील गड्याच्या हातीं चेंडू आधीं पोंचला, तर बाद. दोन तळांच्या मध्यें असतां कोणीं हातांतील चेंडूनें शिवलें, तर बाद. आणि तीनदां दांडा हवेंत फिरून शेवटचा चेंडू मागच्या गड्यानें वरच्यावर किंवा एका टप्प्यावर धरला, तरी बाद. बाद झालेल्यास 'एक हात गेला' असें म्हणत. तीन हात गेले कीं डाव उलटला. आणि असे प्रत्येक बाजूचे नऊ डाव.

एका टप्प्याचा झेल हा आजच्या प्रेक्षकास बालिश वाटतो. गल्लींत भिंतीला चेंडू लागून 'वन टिप' बाद करणाऱ्या आपल्या मुलांस मात्र तो लगेच पटेल. उघड्या हातांस मिळालेली ही सवलत होती. यामुळें खेळाडूस क्षणांत निवड करावी लागे: पुढें झेपावून बोटें पणास लावावींत, कीं दोन पावलें मागें येऊन टप्प्याची वाट पहावी? ज्याच्या उद्यांच्या पोटापाण्याचा उद्योग हातांवर अवलंबून आहे, त्यानें टप्प्याची वाट पाहिली तर त्यास भित्रा कोण म्हणेल?

आमच्यासमोरील सामना आठव्या डावांत अटीतटीवर आला होता. एक उंच टोला डाव्या बाजूस गेला. तेथील मध्यमवयीन गडी धांवला, वांकला आणि चेंडू उचलून त्यानें हात वर केला. प्रेक्षकांनीं टाळ्या पिटल्या. पंच दूर होता. मध्यें दुसरा एक गडी आडवा आल्यानें त्यास टप्पा नीट दिसला नव्हता. त्या काळीं पंच एकटाच असे, आणि जें आपणांस दिसलें नाहीं तें खेळाडूंस, प्रसंगीं प्रेक्षकांसही, विचारण्याचा प्रघात होता. त्याप्रमाणें त्यानें हांक मारून विचारलें. त्या गड्यानें हात खालीं घेतला आणि सांगितलें, "महाराज, दोन टप्पे पडले." झालें, तेवढ्यांत दोन गडी घरीं पोंचले होते, त्यांचे दोन एक्के धरले गेले आणि त्याची बाजू शेवटीं एका एक्क्यानें हरली. खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंनीं एकमेकांच्या नांवानें तीन तीन वेळां जयघोष केला. हरलेल्यांनीं चेंडू जिंकणाऱ्यांच्या हवालीं केला, कारण जुन्या काळीं विजयाचें चिन्ह म्हणून तो चेंडूच देत असत.

घरीं परततांना नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, पंचानें पाहिलें नव्हतें. मग त्यानें सांगितलें कां?"

शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसास या प्रश्नाचें उत्तर तोंडपाठ असावयास हवें. पण मीं "घरीं गेल्यावर सांगतों" असें म्हणून वेळ मारून नेली. त्याचें कारण पुढें येईलच. तत्पूर्वीं हा खेळ असा कां होता आणि पुढें तसा कां राहिला नाहीं, हें पाहूं.

न्यूयॉर्क येथील 'निकरबॉकर' नांवाच्या मंडळानें २३ सप्टेंबर १८४५ रोजीं आपले नियम लेखी ठरविले. तत्पूर्वीं हा खेळ गांवोगांव निराळा असे. कित्येक ठिकाणीं धांवणाऱ्या गड्यास चेंडू फेकून मारला कीं तो बाद होई. आपल्या लगोरींत आणि आबाधुबींत असतें तसेंच हें. मॅसॅच्युसेट्सकडील खेळांत ही रीत पुढेंही चालू होती. निकरबॉकरांनीं ती बंद केली. चेंडू कोणाच्या अंगावर मारावयाचा नसल्यामुळें तो अधिक टणक करतां येऊं लागला, टोले दूर जाऊं लागले आणि पोरांचा खेळ प्रौढांस शोभूं लागला. १९ जून १८४६ रोजीं हडसन नदीपलीकडे होबोकेन येथील एलिसियन फील्ड्स या मैदानावर या मंडळाचा दुसऱ्या एका संघाशीं सामना झाला, आणि ज्यांनीं नियम लिहिले तेच २३ विरुद्ध १ असे हरले! शास्त्र रचणारा आणि शास्त्रांत निपुण असणारा हे दोघे निराळे असूं शकतात, हा अनुभव आपणांसही नवा नाहीं. प्रारंभीं जो २१ एक्के आधीं करील तो जिंके. नऊ डाव आणि ९० फुटांचें अंतर हे निर्णय १८५७ सालच्या परिषदेंत झाले.

पुढें १९०५ सालीं नेमलेल्या एका समितीनें असा निष्कर्ष काढला कीं, हा खेळ अॅबनर डबलडे या सेनानीनें १८३९ सालीं कूपर्सटाउन येथें निर्माण केला. वास्तविक त्या सालीं डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेंत विद्यार्थी होता, आणि आज ही कथा कोणीही इतिहासज्ञ खरी मानीत नाहीं. पण कूपर्सटाउन येथें १९३९ सालीं उघडलेलें या खेळाचें स्मारक-मंदिर तेथेंच आहे. प्रत्येक रूढीस एखादा मूळपुरुष लागतो, ही मनुष्यस्वभावाची खोड आपल्याइतकीच त्यांचीही दिसते.

नियमांतून पळवाट काढणारे लौकरच निघाले. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर मंडळांतील जिम क्रेटन हा १८६० च्या सुमारास मनगटाला बेमालूम झटका देऊन चेंडू अतिवेगानें सोडूं लागला. हात खालूनच झुलत असे, पण वाढणारा आतां फसवणारा झाला. हा तरुण १८६२ सालीं अवघ्या एकविसाव्या वर्षीं वारला. त्याची युक्ति मात्र मागें राहिली. स्ट्रायकरही कांहीं कमी नव्हते. मनासारखा चेंडू येईपर्यंत ते दांडा खांद्यावरच ठेवून उभे राहत. म्हणून चांगला चेंडू सोडणाऱ्यास समज देऊन दंडित करण्याचा नियम १८५८ सालीं झाला, आणि वाईट चेंडू टाकणाऱ्यास तसेंच शासन १८६४ च्या हंगामापासून आलें. त्याच वर्षाच्या अखेरीस आंतल्या चेंडूचा टप्प्याचा झेलही रद्द झाला. १८६९ सालीं सिनसिनाटीचा 'रेड स्टॉकिंग्ज' हा संघ उघडपणें पगारी म्हणून मैदानांत उतरला आणि त्या सालीं एकही सामना हरला नाहीं. पगार आला तसा हात जपणें आलें. १८७० नंतर हळूहळू मोजे दिसूं लागले. १८८४ सालीं मुख्य स्पर्धेंत खांद्यावरून फेकण्याची मोकळीक मिळाली, आणि त्या वेगास तोंड देतां यावें म्हणून १८९३ सालीं अंतर ६० फूट ६ इंचांवर नेलें. एका पळवाटेसाठीं एक नियम, त्या नियमांतून दुसरी पळवाट, अशी ही सांखळी आहे. जेथें माणसाचा शब्द पुरत होता तेथें कलम आलें. आणि कलम आलें म्हणजे शब्दाची गरज नाहीं, असें माणसास वाटूं लागतें.

येथें थांबलों तर 'गेले ते दिवस' म्हणून उसासे टाकणाऱ्यांत माझी गणना होईल. पण खरें सांगावयाचें तर त्या दिवसांतही सारेंच सोनें नव्हतें. १८६५ सालीं, म्हणजे पगारी संघ निघण्यापूर्वींच, न्यूयॉर्कच्या म्युच्युअल मंडळांतील गड्यांनीं पैसे घेऊन सामना घालविल्याचें उघडकीस आलें. याहून मोठी गोष्ट १८६७ सालची. ज्या मंडळांत कृष्णवर्णीय सभासद असतील त्यांस प्रवेश देऊं नये, असें तेव्हांच्या राष्ट्रीय संघटनेनें ठरविलें. यादवी युद्ध संपून व गुलामगिरी नष्ट होऊन दोन वर्षेंच झालीं होतीं. प्रतिपक्षाच्या नांवानें तीनदां जयघोष करणारे हे सभ्य गृहस्थ, पण तो जयघोष आपल्याच पंगतींतल्यांपुरता होता! वरच्या दर्जाच्या स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंस दारें बंद होतीं तीं १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन आल्यावर उघडलीं.

आपण या गोष्टीस हंसूं नये. पाळवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज पुण्यांत असतां, मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांस चालत असे. पण चहाच्या वेळीं त्यांस मातीच्या वेगळ्या भांड्यांत, तंबूबाहेर चहा मिळत असे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत याच बाळूंनीं शंभरावर बळी घेतले. त्यांना स्वतःला हिंदु संघाचें नायकत्व मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. चहाचीं तीं भांडीं वेगळीं ठेवणारे लोक कोणत्या घरांतले होते, हें या मासिकाच्या वाचकांस मीं सांगावयास नको. विजार जुनी घालतां येते, दांडा जुना घडवतां येतो. पण त्या काळचें सारेंच परत आणण्याजोगें नसतें. आजच्या या मंडळ्यांचें मला कौतुक वाटतें तें यासाठीं कीं, त्यांनीं जुन्यांतलें निवडून घेतलें आहे. त्यांनीं उघडे हात घेतले, खालून टाकलेला चेंडू घेतला, शब्दाची किंमत घेतली. आणि दारावरचा पहारा मात्र सोडून दिला.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळतों. तो ऐकून मी गप्प कां झालों, तें सांगणें प्राप्त आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत शिक्षक असतां दुसऱ्या शाळेशीं हुतुतूचा सामना होता. शेवटची चढाई आमच्या मुलाची. तो दोघांस मारून परतला, पण मध्यरेषेच्या हातभर अलीकडे त्याचा दम तुटला. मी रेषेपाशींच उभा होतों. मीं तो तुटलेला स्पष्ट ऐकला. गलबल्यांत पंचास ऐकूं आलें नाहीं. त्यानें माझ्याकडे पाहून विचारलें, "मास्तर, दम होता ना?" मुलाचे ओंठ हलले होते, तो कांहीं सांगणार होता. त्याच्या आधीं मीं म्हटलें, "होता." शाळा जिंकली. मुख्याध्यापकांनीं पेढे वांटले. त्या मुलानें आपला पेढा दुसऱ्यास दिल्याचें मीं पाहिलें आणि न पाहिल्यासारखें केलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं नेहमींप्रमाणें 'सत्य' शब्दाची विभक्ति चालविली.

त्या रात्रीं ओहायोंत, जेवणें झाल्यावर, हें सर्व मीं नातवास सांगितलें. म्हटलें, "बाळ, त्या गड्यानें खरें कां सांगितलें हें मला नीट सांगतां येणार नाहीं. न सांगितलें तर काय होतें, तें मात्र सांगतां येतें. सामना त्या संध्याकाळीं संपतो; तो शब्द पन्नाशी ओलांडली तरी संपत नाहीं." त्यानें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्या मुलाला तुम्हीं नंतर सॉरी म्हटलेंत?" "नाहीं," मीं म्हटलें. यावर तो कांहीं बोलला नाहीं. दिवा मालवतांना त्यानें माझा हात मात्र घट्ट धरला.

वाचकहो, हा खेळ आपल्याकडे कोणी सुरू करावा असें मला सुचवावयाचें नाहीं. आपल्याला आपले खेळ पुरेसे आहेत. एवढेंच मागणें आहे कीं, घरांत मुलें कॅरम, पत्ते किंवा विटीदांडू खेळत असतां तंटा उपस्थित झाला, तर थोरांनीं धांवत जाऊन निवाडा देऊं नये. ज्याच्या हातून चूक झाल्याचा संशय असेल त्यालाच विचारावें, आणि तो सांगेल तें मानावें. पुष्कळदां तो खोटें सांगेल, आणि आपणांस तें कळेलही. कळूनही त्याचा शब्द मानला गेला, हें त्याच्या मनांत कोठें तरी रुतून राहतें. आणि एखाद्या दिवशीं त्यानें आपण होऊन "मी बाद" म्हटलें व डाव घालविला, तर घरांतील कोणीही त्यास वेडा म्हणून हंसूं नये; माझ्यासारख्या मास्तरानें तर मुळींच नाहीं.